साथीच्या काळात विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तीची काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात पालक, भावंडं आणि काळजीवाहक यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी विशेष शिक्षिका आहे, डॉक्टर नाही, म्हणून औषधांचे डोस या पानावर मिळणार नाहीत. कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली, तरी कुठल्याही नव्या साथीची बातमी आली की हेच प्रश्न परत येतात. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि प्रश्न १० आधी वाचा.

१. विकासात्मक अपंगत्व म्हणजे नेमकं काय? आमचा मुलगा ३४ वर्षांचा आहे, हे त्याला लागू होतं का?

होतं. जन्मापासून किंवा वाढीच्या वयात सुरू होणाऱ्या आणि पुढे आयुष्यभर सोबत राहणाऱ्या अवस्थांना मिळून हे नाव आहे. ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं), फ्रॅजाइल एक्स (एक आनुवंशिक अवस्था) अशा अवस्था त्यात येतात. सुरुवात बालपणी होते म्हणून सगळी माहिती लहान मुलांसाठीच लिहिली जाते आणि मोठी झालेली माणसं विसरली जातात. इथली बहुतेक उत्तरं दोघांनाही लागू आहेत.

२. मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तिला इतरांपेक्षा जास्त धोका असतो का? आणि ऑटिझममध्ये?

डाउन सिंड्रोमबाबत उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे, विशेषतः मोठ्या वयात. २०२० साली ब्रिटनमध्ये ८० लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या. वय, वजन, हृदयविकार वगैरे सगळं हिशेबात धरूनही डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांमध्ये कोविडने मृत्यू होण्याचा धोका सुमारे १० पट दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडने या प्रौढांना अतिजोखमीच्या यादीत घेतलं. प्रतिकारशक्तीची घडण वेगळी असते, श्वासमार्ग अरुंद असतो, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बऱ्याच जणांना असतो आणि जवळपास निम्मी बाळं हृदयाचा दोष घेऊन जन्माला येतात. यातलं काय काय तुमच्या मुलीला आहे, हे डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहून ठेवा.

सेरेब्रल पाल्सीत धोका वेगळ्या वाटेने येतो. गिळताना ठसका लागतो, खोकला कमजोर असतो, पाठीचा कणा वाकलेला असेल तर फुप्फुसं पूर्ण फुलत नाहीत आणि कफ आतच साठतो. ऑटिझममध्ये मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आजार उशिरा लक्षात येण्याची (प्रश्न ३ पाहा). शिवाय काही औषधांनी वजन आणि रक्तातली साखर वाढते, तीही जोखीमच.

एक गोष्ट निदानाच्या कागदावर कधीच नसते. ती व्यक्ती निवासी संस्थेत राहत असेल, दिवसातून चार जण येऊन तिला आंघोळ घालत, भरवत असतील, तर संसर्गाची वाट तिथूनच आहे. तिथे सगळ्यात आधी काळजी घेणाऱ्यांचं लसीकरण, मास्क आणि खिडक्या उघड्या ठेवणं यावर भर द्यावा.

३. माझा भाऊ बोलत नाही. तो आजारी आहे हे ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. लक्षणांच्या छापील यादीत ‘घसा दुखणे’, ‘वास न येणे’, ‘अंगदुखी’ असं लिहिलेलं असतं. ही सगळी लक्षणं सांगावी लागतात, आणि तुमचा भाऊ ती सांगणार नाही. त्याच्या बाबतीत लक्षण म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी.

आमच्याकडचा एक तरुण रोज संध्याकाळी बूट घालून दारापाशी उभा राहायचा. फिरायला जायचं असो वा नसो, पाऊस असो वा नसो. एका संध्याकाळी तो उठलाच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. बूट जागेवरच आहेत, एवढंच आईच्या लक्षात आलं आणि तिने त्याला त्याच दिवशी वेगळ्या खोलीत ठेवलं. ताप चढला तो दुसऱ्या दिवशी.

वास गेला की आवडीचं ताट बाजूला सारलं जातं. डोकं दुखलं की काही जण ते भिंतीवर आपटतात. अंग दुखलं की कपडे नको होतात, स्पर्श नको होतो. कुणी एरवीपेक्षा जास्त ओरडतं, कुणी अगदी गप्प होतं, आणि गप्प होणं घरच्यांना ‘आज शहाण्यासारखा वागतोय’ असं वाटून सुटून जातं. वागण्यात अचानक बदल झाला की ‘हे त्याच्या अपंगत्वामुळेच’ असं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांनाही म्हणू देऊ नका. कान, दात, पोट साफ न होणं, लघवीचा संसर्ग आणि साथीचा आजार हे सगळं आधी तपासून घ्या.

यासाठी तो धडधाकट असतानाच एक पान लिहा. आम्ही त्याला ‘नेहमीचं पान’ म्हणतो. किती तास झोपतो, दिवसाला किती पाणी पितो, शौचाला कितीदा जातो, शांत झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो (पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा), एरवीचं तापमान आणि ऑक्सिजन किती असतो, दुखलं की कुठला आवाज काढतो. आजारपणात नुसता आकडा फारसं सांगत नाही, नेहमीच्या आकड्यातला फरक सांगतो.

ओठ किंवा नखं निळसर पडणं, श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाणं, हलवूनही नीट जाग न येणं, दिवसभरात लघवीच न होणं, यातलं काहीही दिसलं तर पान-बिन न पाहता थेट रुग्णालय गाठा.

४. ऑक्सिमीटर बोटाला लावूच देत नाही, थर्मामीटर फेकून देतो. काय करू?

पहिल्यांदा लावायची वेळ तापाच्या दिवशी येऊ देऊ नका. आधी स्वतःच्या बोटाला लावा, मग त्याच्या आवडत्या खेळण्याला, मग त्याच्या बोटाला मोजून दोन सेकंद. रोज थोडं. जाग्या बोटाला जमत नसेल तर झोपेत पायाच्या बोटाला लावून पाहा, पुष्कळदा चालतं. हात गार असतील, नखांवर रंग असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो. गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं.

ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन, हा सर्वसाधारण नियम. मात्र काही जन्मजात हृदयदोषांमध्ये एरवीचाच आकडा त्याहून कमी असतो. अशा व्यक्तीसाठी कुठल्या आकड्याला घाबरायचं, ते तिच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून आधीच लिहून घ्या.

५. मास्क अजिबात घालत नाही. बळजबरी करावी का?

नाही. आणि काही जणांना मास्क घालायचाच नसतो : २ वर्षांखालची मुलं, श्वासाचा त्रास असलेली व्यक्ती आणि ज्यांना तो स्वतःच्या हाताने काढता येत नाही अशी कुणीही. हात वापरता न येणाऱ्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उलटी झाली आणि तोंडावर मास्क असला तर जिवावर बेतू शकतं. लाळ खूप गळत असेल तर ओला मास्क काही कामाचा नाही.

बाकीच्यांना सवय लागू शकते, पण ती आठवड्यांच्या हिशेबाने. बहुतेकदा भांडण मास्कशी नसतंच, कानामागच्या इलॅस्टिकशी असतं. एका मुलाच्या टोपीला आम्ही दोन बटणं शिवली आणि इलॅस्टिक कानाऐवजी बटणात अडकवलं. तीन महिन्यांचा वाद तिथे संपला. कापड मऊ असावं, शिवण बाहेरच्या बाजूला यावी, आतला टॅग कापून टाकावा. आधी हातात, मग गालाला, मग नाकावर पाच आकडे मोजेपर्यंत. ‘आधी मास्क, मग झोका’ अशी दोन चित्रं शेजारी चिकटवा.

तरीही जमलं नाही तर बाकीच्यांनी मास्क घालायचा, उघड्या हवेत फिरायचं, गर्दीची वेळ टाळायची. घरातल्या सहा माणसांनी घातलेला मास्क सातव्याचंही रक्षण करतो.

६. सॅनिटायझर चाटतो. तरी वापरू का?

हात सतत तोंडात जात असतील तर साबण-पाणीच वापरा. निदान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर जंतू मारतं, पण थोडं जरी पोटात गेलं तरी लहान अंगाच्या मुलाला गुंगी येऊ शकते, रक्तातली साखर उतरू शकते. भेसळीचं मिथेनॉल असेल तर डोळे जाऊ शकतात. बाटली कुलपात ठेवा. २० सेकंद हात धुण्यासाठी वाळूचं घड्याळ किंवा ठरलेलं गाणं लावा. पाण्यात खेळायला आवडणारी मुलं तासभर हात धुतात आणि कातडी फाटते. त्यांच्यासाठी नळ बंद करायची खूण ठरवून घ्या.

७. लस देऊ का? लसीमुळे ऑटिझम होतो किंवा वाढतो असं ऐकलं.

होत नाही. हा संशय १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका लेखाने पसरला. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची वर्षानुवर्षांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष आला की गोवर-गालगुंड-रुबेला लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं नाही. प्रश्न २ मधली जोखीम पाहिली तर आपल्या माणसाची लस टाळणं मला धोक्याचं वाटतं. फिट येणाऱ्या व्यक्तीला लसीनंतर ताप येऊ शकतो, त्यासाठी काय तयारी ठेवायची ते डॉक्टरांना विचारून जा.

८. सुईची प्रचंड भीती आहे. चौघांनी धरून लस देऊन टाकली तर चालेल ना?

कृपया तसं करू नका. एक लस होईल, पण पुढच्या प्रत्येक रक्ततपासणीला, प्रत्येक पांढऱ्या कोटाला तो नकार देईल. केंद्राला आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागा, गाडीत बसूनच टोचतील का विचारा. कातडी बधिर करणारं मलम साधारण तासभर आधी लावावं लागतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिकामी सिरिंज, कापूस आणि बँडेज घेऊन घरी खेळ करा. त्या खेळात तो तुम्हाला टोचणार, हे महत्त्वाचं. हे सगळं करूनही जमलं नाही तर गुंगीचं औषध देऊन लस टोचता येते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. घशा-नाकातल्या तपासणीलाही हीच रीत.

९. मुलगी २२ वर्षांची आहे, ती लस नको म्हणते. आम्ही पालक परस्पर ठरवू शकतो का?

कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, पण कागदावर सही कुणाचीही असो, तिला विचारायचंच. आधी शोधा की ती ‘नको’ कशाला म्हणते आहे. बऱ्याचदा ते सुईला असतं, केंद्रातल्या आवाजाला असतं, अनोळखी माणसाने दंडाला हात लावण्याला असतं. चित्रं दाखवून, छोट्या वाक्यांत, दोन वेगळ्या दिवशी आणि दोन वेगळ्या तऱ्हेने विचारा. ‘घ्यायची का?’ असं विचारल्यावर आपल्याला खूश करायला ‘हो’ म्हणणारीही खूप माणसं आहेत, म्हणून ‘कधी घ्यायची? कुठल्या हातावर?’ हेही विचारा. निर्णय घ्यायला मदत लागते याचा अर्थ निर्णय घेता येत नाही असा होत नाही.

१०. रुग्णालयात एकट्याला ठेवा म्हणाले तर? सोबत काय न्यायचं?

सोबतीला थांबणारा माणूस म्हणजे भेटीला आलेला नातेवाईक नव्हे, हे शांतपणे आणि ठामपणे सांगा. चष्मा लागणाऱ्याचा चष्मा जसा दारात काढून घेत नाहीत, तसा हा आधार काढून घेता येत नाही. शब्द असे वापरा : “तो दुखणं बोलून सांगू शकत नाही. मी नसेन तर तुम्हाला चुकीची माहिती मिळेल आणि तो सलाईन उपटेल.” मास्क, किट (अंगभर संरक्षक पोशाख), तपासणी, खोलीबाहेर न पडणं, जी अट असेल ती मान्य करा. तरीही नकार मिळाला तर दिवसाला दोन ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल मागा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.

‘नेहमीचं पान’ (प्रश्न ३) आणि त्याशिवाय एक ओळखपत्रिका, दोन्ही सोबत हवीत. पत्रिका एकाच पानाची करा. गडबडीत तीन पानं कुणी वाचत नाही. तिच्यावर काय हवं : लाडाचं नाव. हो आणि नाही कसं सांगतो. औषधांची नावं, प्रमाण, वेळा. कशाची ॲलर्जी आहे. कसं गिळतो, पाणी घट्ट करून द्यावं लागतं का. कशाला घाबरतो, कशाने शांत होतो. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा असू शकतो आणि श्वासनळी घालताना मान जपावी लागते, हे वाक्य मोठ्या अक्षरांत.

पिशवीत चार्जर, कानावरचे हेडफोन, संवादाचा फलक, घरची उशी. घरच्या उशीचा वास अनोळखी खोलीत फार मोठं काम करतो. आणि एक विनंती परिचारिकांना करा : किट घातलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, तेव्हा स्वतःचा हसरा फोटो छातीवर लावा. आमच्या एका मुलीने तीन दिवस कुणालाही हात लावू दिला नव्हता. चौथ्या दिवशी छातीवर फोटो लावलेल्या परिचारिकेसमोर तिने आपणहून बोट पुढे केलं.

११. खाटा कमी आहेत म्हणून ‘याला अतिदक्षता विभागात नेऊन उपयोग नाही’ असं म्हणाले तर?

वैद्यकीय कारण विचारा, आणि अपंगत्व हे कारण म्हणून स्वीकारू नका. ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने अतिदक्षतेच्या निर्णयांसाठी वृद्धांच्या दुर्बलतेची मोजपट्टी वापरायला सांगितली. तिच्यात दुसऱ्याच्या मदतीने आंघोळ करणारा माणूस आपोआप ‘दुर्बल’ ठरतो. आक्षेप आल्यावर काही दिवसांतच दुरुस्ती झाली : बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा स्थिर स्वरूपाचं दीर्घकालीन अपंगत्व असलेल्यांना ही मोजपट्टी लावू नये. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या २०१० च्या आराखड्यात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांना व्हेंटिलेटर नाकारण्याची वाट होती. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय नागरी हक्क कार्यालयाने हस्तक्षेप केल्यावर तो बाजूला ठेवला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं २५ वं कलम अपंगत्वावरून उपचार नाकारायला मनाई करतं, आणि ११ वं कलम संकटकाळातल्या संरक्षणाबद्दल आहे.

सोबत त्याचा घरातला एखादा व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा. खाटेवर तापाने निपचित पडलेला माणूसच डॉक्टरांनी पाहिलेला असतो. तो एरवी हसतो, ताल धरतो, बहिणीची वाट पाहतो, हे त्यांना दिसू द्या. ‘हृदय थांबल्यास प्रयत्न करू नयेत’ अशा अर्थाच्या कागदावर समजल्याशिवाय आणि चर्चेशिवाय सही करू नका.

१२. फिटची औषधं मिळत नाहीयेत. दोन दिवस नाही दिली तर चालेल?

नाही. फिटचं औषध अचानक थांबलं की न थांबणारी फिट येऊ शकते. साथीची चाहूल लागताच निदान महिन्याचा साठा करा आणि चिठ्ठीचा फोटो दोन फोनमध्ये ठेवा. औषधाची कंपनी बदलतानाही डॉक्टरांना विचारा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. ५ मिनिटांच्या वर गेली की तातडीची मदत बोलवा. तापाने फिट वाढतात, म्हणून ताप अंगावर काढू नका.

१३. थेरपी बंद, केंद्र बंद. घरी निदान काय चुकवू नये?

ठसका लागणाऱ्याला सरळ बसवूनच भरवा आणि नंतर निदान अर्धा तास बसूनच ठेवा. कूस बदलणं, सांधे हलवणं, दात घासणं रोज. तोंडातली घाण फुप्फुसात उतरली की न्यूमोनिया होतो, त्यामुळे दात घासणंही श्वासाचीच काळजी आहे. हालचाल कमी झाली की पोट साफ होत नाही आणि न बोलणाऱ्यांमध्ये तेच जिवावर उठू शकतं, म्हणून शौचाची नोंद ठेवा. घरात कोंडलेल्यांना आणि फिटची काही औषधं घेणाऱ्यांना ड जीवनसत्त्व कमी पडतं, त्याबद्दल विचारा. अक्षरं, आकडे, वह्या हे सगळं नंतर भरून काढता येतं.

१४. दिनक्रम मोडल्यापासून मारतो, स्वतःला चावतो. शिकलेलंही विसरला.

त्याच्या बाजूने पाहा. एका सकाळी बस आली नाही, आणि का आली नाही हे कुणी त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं नाही. भिंतीवर दिवसाची चित्रं लावा, झालेलं चित्र काढून डब्यात टाकायला द्या. बस किंवा शाळेच्या चित्रावर फुली मारून शेजारी ‘आज घर’ असं चित्र लावा. ‘लवकरच सुरू होईल’ म्हणू नका, त्याचा अर्थ त्याला ‘उद्या’ असाच लागतो. जड काम द्या : भरलेली बादली उचलणं, गादी ढकलणं, कणीक मळण्यासारखं दाबायचं काही. अंगाला लागणाऱ्या या जोराने बऱ्याच जणांची अस्वस्थता उतरते. बाहेर चालणं ही काहींची गरजच असते. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने ऑटिझम असलेल्यांना संचारबंदीत बाहेर पडायला जास्त मोकळीक दिली होती, तुमच्याकडच्या प्रशासनाकडेही ती लेखी मागता येईल. विसरलेली कौशल्यं बहुतेकदा परत येतात. बदल एकाएकी झाला असेल तर मात्र आधी प्रश्न ३.

१५. घरात मी एकटीच आहे. मी आजारी पडले तर?

आजच दोन माणसं ठरवा, एक जवळचं आणि एक लांबचं. त्यांना ‘नेहमीचं पान’ आणि ओळखपत्रिका (प्रश्न ३ आणि १०) ही दोन्ही पानं द्या, आणि तुमच्या देखत एकदा तरी त्यांच्या हातून जेवण आणि औषध होऊ द्या. पानावर लिहिलेलं ‘हळू भरवा’ म्हणजे किती हळू, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला सौम्य आजार झाला आणि दुसरं कुणीच नसेल तर मास्क घालून, खिडक्या उघड्या ठेवून, हात धुऊन तुम्हीच करत राहा. आपल्यामुळे त्याला लागण होईल या अपराधी भावनेने अनेक आया आतून खचलेल्या मी पाहिल्या आहेत. तुमची झोप, तुमचं औषध, तुमची लस हा त्याच्या उपचाराचा भाग आहे.

१६. आजी गेली. त्याला काय सांगू? तो रोज विचारतो.

‘आजी मेली. तिचं शरीर थांबलं. ती परत येणार नाही.’ इतकंच आणि असंच. ‘झोपली’ म्हटलं की झोपायची भीती बसते, ‘देवाघरी गेली’ म्हटलं की त्या घरी जायचा हट्ट होतो, ‘गावाला गेली’ म्हटलं की तो दारात बसून राहतो. पुन्हा विचारलं की तेच शब्द पुन्हा. त्याला रडू आलं नाही म्हणजे दुःख नाही असं नाही, ते कित्येक महिन्यांनी जेवण सोडण्यातून किंवा आजीच्या खोलीत जाऊन बसण्यातून बाहेर येतं. आजीची एखादी वस्तू त्याची म्हणून द्या. अंत्यविधीला नेता आलं नसेल तर घरीच निरोप द्या, उशिरा दिला तरी चालतो.

१७. साथ ओसरली, पण आता तो मास्क काढायला आणि घराबाहेर पडायला तयार नाही.

आपणच महिनोन्‌महिने शिकवलं, आणि तो चांगला शिकला. आता उलट वाटेने तितकाच वेळ लागेल. आधी दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसा. मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, तेही रस्ता रिकामा असताना. मास्क आधी अंगणात एक मिनिट उतरवायचा, आणि तो त्याच्याच खिशात ठेवायचा म्हणजे हवा तेव्हा परत लावता येईल. ‘आता काही होत नाही’ असं वचन देऊ नका. भिंतीवरचं फुली मारलेलं बसचं चित्र काढायचं असेल तर ते त्याच्या हातून काढू द्या.